पुन्हा सांग

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस हुगळीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही, आणि यदाकदाचित सापडलाच, तर हा आपली जागा बळकावायला आलेला दिसतो, असा संशय मामा त्याच्यावरही घेतील. हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः एका सरकारी बँकेच्या तपासणी खात्यात उभा जन्म काढला आहे. शाखेत पाऊल टाकल्याबरोबर ज्याचा नमस्कार जरा जास्त खालून येतो, त्याचं कपाट आधी उघडायचं, हे आमच्या खात्याचं शिक्षण. तेव्हा संशयाच्या बाबतीत माझा शब्द जाणकाराचा समजायला हरकत नाही. पण मी पगार घेऊन संशय घेत असे. मामा हौसेनं घेतात, आणि हौशी माणसाची सर पगारी माणसाला कधी येत नाही.

मामा बागबाजारला राहतात. त्यांचे आजोबा कुठल्याशा इंग्रजी कंपनीत कारकुनी करायला म्हणून कोलकात्याला आले ते इथलेच झाले. मामांचा जन्म इथला, शाळा-कॉलेज इथलं, नोकरीही उत्तर कोलकात्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्याची. गल्लीतले लोक त्यांना मास्टरमोशाय म्हणतात, वाटेत दिसले की हात जोडतात, पूजेच्या दिवसांत घरी प्रसाद आणून देतात. तरीही मामा त्यांच्याबद्दल सावध असतात. मराठ्यांची धाड येईल म्हणून इथल्या लोकांनी शहराभोवती जो खंदक खणला, त्याची सुरुवात बागबाजारातूनच झाली होती. खंदक केव्हाच बुजला, त्यावर रस्ते झाले, घरं झाली. पण मामा म्हणतात, "जावईबापू, खंदक जमिनीतला बुजला. मनातला बुजला की नाही, हे आपल्याला कसं कळणार?" बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा शेजारच्या घोषबाबूंनी नळाची गळती दाखवायला मामांना खाली बोलावलं, तेव्हा मामांनी जाण्यापूर्वी मला फोन करून आपण कुठे चाललो आहोत ते सांगून ठेवलं. घोषबाबूंनी गळती दाखवली, चहा पाजला आणि नातवाला इंग्रजी शिकवाल का, असं विचारलं. मामा परत आले ते म्हणाले, "चहा फार गोड होता. बघून ठेवतो."

हा गुण त्यांचा जन्मजात. लग्नासाठी मामींना बघायला गेले तेव्हा समोर आलेले पोहे इतके उत्तम होते की मामांना संशय आला. त्यांनी मुलीला गाणं विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. फक्त फोडणीत आधी काय घातलं, एवढंच विचारलं. मुलगी लाजली, सगळ्यांना ते फार आवडलं आणि लग्न ठरलं. लग्नानंतर मामींनी कबूल केलं की पोहे शेजारच्या काकूंनी केले होते. मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामा अजूनही ही गोष्ट सांगतात, ती बायकोची आठवण म्हणून नव्हे, तर आपला संशय खरा ठरला म्हणून, असं ते म्हणतात. त्यावर मात्र माझा विश्वास नाही.

निवृत्त झाल्यावर मामांनी परदेशी जायला निघालेल्या मुलांना इंग्रजीच्या त्या वरच्या पायरीच्या परीक्षेसाठी तयार करायला सुरुवात केली, आणि माझं ठाम मत आहे की देवानं मामा आधी घडवले आणि मग त्यांच्यासाठी ही परीक्षा कुणाला तरी सुचवली. वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण असे तिचे भाग. त्यातलं श्रवण म्हणजे शुद्ध संशयाचा प्रांत. रेकॉर्डिंगमधली बाई म्हणते, आपण मंगळवारी भेटू. भोळाभाबडा विद्यार्थी 'मंगळवार' लिहून मोकळा होतो. मग तीच बाई म्हणते, छे छे, मंगळवारी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, गुरुवारी भेटू. विद्यार्थी गेला बाराच्या भावात. "पहिलं उत्तर हे आमिष असतं," मामा वर्गात बजावतात. "गळाला लावलेलं गांडूळ. शहाणा मासा दुसऱ्या उत्तराची वाट बघतो."

वर्गापुरतं हे ठीक होतं. पण मामांनी हा नियम साऱ्या जगाला लावला. बागबाजारच्या मासळीबाजारात मी त्यांच्याबरोबर गेलो आहे. मासेवाला ओरडतो, "एकदम टाटका, दादू!" मामा टोपलीकडे बघतच नाहीत, त्याच्या तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, "आबार बोलो." पुन्हा सांग. तो पुन्हा सांगतो, ताजा आहे. मामा हलत नाहीत. "आबार बोलो." मागे गिऱ्हाइकं खोळंबतात, मासेवाल्याचा सूर खाली येतो, आणि शेवटी तो मान खाली घालून म्हणतो, "ठीक आछे दादू, कालकेर." कालचा आहे. मामा माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघतात आणि तोच कालचा मासा घेतात, कारण आता त्याच्याबद्दल संशयाला जागा उरलेली नसते.

संभाषणाच्या परीक्षेचंही असंच. तिथे दोन दोन उमेदवारांना जोडीनं आत घेतात. समोर दोन परीक्षक. एक हसतमुखानं प्रश्न विचारतो, दुसरा जरा बाजूला बसून न बोलता मार्क लिहितो. मामांचा सिद्धांत असा की बोलणारा परीक्षक हा निव्वळ देखावा. खरा तो कोपऱ्यातला मुका. हा सिद्धांत त्यांचा शाळेतल्या तोंडी परीक्षांपासूनचा, म्हणून कुठल्याही समारंभात गेले की मामा आधी कोपऱ्यात गप्प बसलेला माणूस शोधतात आणि त्याच्याशी अदबीनं वागतात. माझी त्यांची पहिली भेट झाली ती माझ्या साखरपुड्यात. मी मूळचा साताऱ्याचा, बँकेच्या बदलीनं नुकताच कोलकात्यात पडलेला, बंगाली येत नाही, म्हणून आपला एका बाजूला खुर्चीत बसलो होतो. मामा आले, माझ्याकडे खूप वेळ बघत राहिले आणि कानाशी वाकून म्हणाले, "तुम्हीच मार्क देताय ना?" मी तेव्हा पार गोंधळलो होतो. माझं खातं कोणतं हे कळल्यावर मात्र त्यांनी माझ्या सासूबाईंना सांगितलं की मुलगा चांगला आहे, कुणावर विश्वास ठेवत नाही.

आता माझ्या मुलीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यामुळेच मामा मला खरे कळले. केतकी कोलकात्यात वाढली. घरी मराठी, मैत्रिणींत बंगाली, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी. चारही भाषा तिला येतात आणि चारही ती आपल्या ड्रेसच्या गळ्याशीच बोलते. लहानपणी तिनं पाणी मागितलं की आम्ही नवरा-बायको एकमेकांना विचारत असू, काय म्हणाली? जुन्या इमारतींचं जतन करण्याचं शिक्षण घ्यायचं तिच्या मनानं घेतलं होतं. बालीगंजच्या आमच्या फ्लॅटच्या समोरचं जुनं घर पाडलं, तेव्हा ही पोर दोन दिवस जेवली नव्हती. स्कॉटलंडच्या एका विद्यापीठानं तिला प्रवेश दिला, पण अट घातली: त्या परीक्षेत अमुक इतके गुण हवेत. केतकी परीक्षेला बसली. वाचनात उत्तम, लेखनात उत्तम, श्रवणात उत्तम, आणि संभाषणात आपटली. वर्ग सुरू व्हायच्या आधी आणखी एकदाच परीक्षा देता येणार होती. ती हुकली की प्रवेश गेला.

"मामांकडे पाठवू या," वृंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

मी कां कूं केलं. दक्षिण कोलकात्यात चकचकीत क्लास होते, काचेच्या केबिनी होत्या, परदेशात राहून आलेले शिक्षक होते. मामा खुर्च्या मांडून घरातल्या खोलीत शिकवत. शिवाय मामांच्या बाबतीत कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला बरेच दिवस वाटत होतं. पण मुलीनंच होकार दिला. म्हणजे ती काहीतरी पुटपुटली आणि तो होकार होता, असं वृंदानं ठरवलं.

दर शनिवारी मी केतकीला बागबाजारला घेऊन जाऊ लागलो. आत सोडायचं निमित्त करून दाराशी एक खुर्ची धरून बसायचो. मामांना ते आवडलं नसावं. मी वर्गाची पद्धत चोरून बालीगंजला स्वतःचा क्लास काढणार आहे की काय, असं त्यांनी वृंदाजवळ बोलून दाखवलं होतं. पण माझ्या नजरेतून काही सुटत नव्हतं. खिडकीसमोर एक ठरलेली खुर्ची होती. बोलायची पाळी येईल त्यानं तिच्यावर बसायचं, उजेड थेट तोंडावर. मामा समोर, हातभर अंतरावर. बोलताना तोंडापुढे हात न्यायचा नाही, मान खाली घालायची नाही, केस तोंडावर येऊ द्यायचे नाहीत. "तोंड लपवून बोलतो तो घोकलेलं बोलतो," मामा म्हणत. आणि विद्यार्थ्यानं दोन-चार वाक्यं बोलून संपवली की मामा डोळे बारीक करून म्हणत, "पुन्हा सांग. वेगळ्या शब्दांत."

त्यामागेही सिद्धांत होताच. घोकलेलं उत्तर दुसऱ्यांदा शब्दशः तेच येतं, मनातलं असेल तर दुसऱ्यांदा वेगळं आणि जास्त चांगलं येतं. ऐकायला हे फार पटण्यासारखं होतं. पण तपासणी खात्यातल्या माणसाला जे फार पटण्यासारखं असतं तेच आधी खटकतं. मामा प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होते. वर्गात, बाजारात, जेवताना. वृंदानं "मामा, भात वाढू?" असं पाठमोरं विचारलं तर उत्तर नाही, समोर येऊन विचारलं तर "पुन्हा सांग!" मी घरी आल्यावर वृंदाला विचारलं, हे पहिल्यापासून असेच का? ती जरा विचार करून म्हणाली, "संशय पहिल्यापासून. पण पूर्वी एकदाच विचारायचे."

आणि फोनची गोष्ट. एका शनिवारी वर्ग सुटल्यावर आम्ही दोघं चहा घेत होतो. मामा जुन्या विद्यार्थ्यांबद्दल बोलत होते. कोण कुठे गेला, कोण डॉक्टर झाली. "निघताना प्रत्येकजण म्हणतो, स्यार, पोचल्यावर फोन करतो. ते पहिलं उत्तर," मामा हसून म्हणाले. "दुसरं उत्तर मग वर्षानुवर्षं येतच नाही. कुणी फोन करत नाही, जावईबापू." हे ते सांगत असताना आतल्या खोलीत फोन खणखणत होता. खणखणून थांबला, पुन्हा खणखणला. मी म्हटलं, "मामा, फोन." मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं आणि कप खाली ठेवत म्हणाले, "तोंड दिसत नाही अशा माणसाशी मी बोलत नाही." मला हसू आलं. एवढा संशय बरा नव्हे, असं मनात म्हणत मी चहा संपवला.

शेवटी माझ्या संशयानं असा आकार घेतला की मामा कंटाळले आहेत. त्यांच्याकडे रेकॉर्डिंग ठरावीकच, वर्षानुवर्षं तीच. ती लावून देतात, डोळे मिटून डुलक्या काढतात, आणि उरलेला वेळ 'पुन्हा सांग' म्हणत ढकलतात. माझ्या मुलीचं वर्ष अशा माणसाच्या हाती आहे, या विचारानं मला रागही आला. पुढच्या शनिवारी वर्ग संपल्यावर मामांशी स्पष्ट बोलायचं आणि केतकीला काढून घ्यायचं, असं ठरवूनच मी त्या खुर्चीत बसलो.

श्रवणाचा सराव होता. मामांनी आपल्या हातानं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. मोबाइलची तार टेबलाखालच्या स्पीकरला जोडलेली. एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ कुठल्याशा बागेची माहिती सांगत होते. मुलं खाली मान घालून लिहीत होती. मामा डोळे मिटून बसले होते आणि त्यांचं एक बोट हवेत हलत होतं. इतक्यात सौमेन नावाच्या उंच मुलानं पाय लांब केला, तार अडकली आणि निखळली. आवाज बंद. खोलीत फक्त पंख्याची घरघर.

मामांचं बोट हलतच राहिलं.

मी पाहत होतो. मामांच्या मिटल्या डोळ्यांखाली हसू येत होतं, मान डोलत होती. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही, कुणी "स्यार" म्हणून हाक मारली नाही. सगळी पुन्हा खाली वाकली आणि नुसतीच कागदावर पेन फिरवू लागली. केतकी खुर्चीवरून हळूच खाली सरकली, टेबलाखाली गेली, चाचपून तार शोधू लागली. मामांचं बोट एकाएकी उंच गेलं. "आता!" ते म्हणाले. "आता पालटेल!" त्याच क्षणी तार जागेवर बसली आणि स्पीकरमधली बाई म्हणाली की नाही, नाही, फाटक दहाला नव्हे, अकराला उघडतं. मामांनी डोळे उघडले. "पकडलंत?" मुलांनी सगळ्यांनी मिळून त्यांच्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "हो, स्यार!"

"आता दुसऱ्यांदा," मामा म्हणाले आणि त्यांनी रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. परीक्षेतही ते दोनदा ऐकवतात. मामांना त्या परीक्षेतली सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच. "परीक्षेत न मागता दोनदा ऐकवतात," ते नेहमी म्हणत. "संसारात एकदाच."

मामांशी काहीच न बोलता मी केतकीला घेऊन निघालो. टॅक्सीत बसल्यावर विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच कळतं. आधीच्या बॅचची मुलं नव्या मुलांना जिन्यातच सांगून ठेवतात, स्यार शुनते पान ना, मुखेर दिके ताकिये बोलबि. सरांना ऐकू येत नाही, तोंडाकडे बघून बोल. आमच्या बॅचनं पुढच्यांना सांगायचं."

"मग त्यांना कुणी सांगत का नाही? आजकाल कानात घालायची इतकी चांगली यंत्रं मिळतात. मी उद्याच..."

"ते क्लास बंद करतील," केतकी म्हणाली. "बाबा, ज्याला ऐकू येत नाही तो ऐकायला शिकवतो, हे उघड झालं तर सगळ्यात आधी संशय तेच घेतील, स्वतःवर."

आणखी एक गोष्ट त्या टॅक्सीत माझ्या लक्षात आली. खिडक्या उघड्या होत्या, बाजूला बस कर्कश हॉर्न वाजवत होती, ड्रायव्हरचा रेडिओ चालू होता, आणि माझ्या मुलीचं प्रत्येक वाक्य मला ऐकू आलं होतं. ती माझ्याकडे तोंड करून बोलत होती. मान वर होती. मी तिला एकदाही 'काय म्हणालीस' असं विचारलं नव्हतं. तपासणी खात्यात इतकी वर्षं काढून आपल्याला सगळ्यात शेवटी कळलं याची थोडी लाजही वाटली.

घरी आल्यावर मी वृंदाला सगळं सांगितलं. ती खूप रडली. मग तो खणखणणारा फोन मला आठवला. न जाणो, ती सगळी मुलं पोचल्यावर फोन करत असतील. वर्षानुवर्षं करत असतील. आतल्या खोलीत फोन वाजत असेल आणि बाहेरच्या खोलीत मामा कुणीच फोन करत नाही म्हणून नव्या मुलांना सावध करत असतील. आमच्या खात्यात जे सापडेल ते लिहून वर पाठवायचं असतं. हे मी कुणालाही कळवलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मामा हट्टानं आमच्याबरोबर आले. दारावरच्या रखवालदारानं "ऑल द बेस्ट" म्हटलं, तर मामांनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. केतकी आत गेली. आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. मामा सारखे घड्याळ बघत होते आणि जोडीदाराबद्दल संशय घेत होते. "जोडीला कोण येईल सांगता येत नाही. गोड बोलून सगळा वेळ खातात. आपल्या पोरीला बोलूच देणार नाहीत." केतकी बाहेर आली ती हसत. तिच्या जोडीला बजबज गावची एक मुलगी होती, इतकी घाबरलेली की काय बोलते ते कुणालाच कळेना. "मग मी तिच्याकडे वळले," केतकी म्हणाली, "आणि म्हटलं, पुन्हा सांगशील? मला ऐकायचंय. मग ती नीट बोलायला लागली."

मामांनी हे तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं सांगितलं. मामांनी नुसतीच मान हलवली.

निकाल आला तेव्हा आम्ही सगळे बागबाजारलाच होतो. संभाषणात केतकीला हवे होते त्याहून चांगले गुण होते. मामांनी माझ्या मोबाइलवर निकाल पाहिला आणि पान पुन्हा उघडायला सांगितलं. मग वृंदाच्या मोबाइलवर पाहिला. मग चष्मा पुसून केतकीच्या. तिन्हीकडे तेच होतं. घोषबाबूंनी खालून संदेश, म्हणजे इथली मिठाई, पाठवला होता. मामा आजवर कुठलीही मिठाई नाकाशी नेऊन खात्री केल्याशिवाय तोंडात टाकत नसत. त्या दिवशी त्यांनी तो तसाच खाल्ला, आणि मग दुसरा मागितला.

केतकी निघाली ती दुपारच्या दिल्लीच्या विमानानं. पुढे तिथून परदेशात. विमानतळाच्या दाराशी गर्दी, गाड्यांचे आवाज, ढकलगाड्यांची खडखड. वृंदा तिला लोणच्याच्या बरण्या कुठे आहेत ते सांगत होती. मी पासपोर्ट आहे ना, असं विचारत होतो. मामा जरा मागे, खांबाला टेकून उभे होते, सगळे असताना आपण कशाला मध्ये यायचं, अशा बेतानं. केतकी सगळ्यांना भेटून त्यांच्याजवळ गेली. ती वाकून नमस्कार करील असं आम्हाला वाटलं. पण ती त्यांच्यासमोर हातभर अंतरावर सरळ उभी राहिली, तोंडावरचे केस मागे सारले आणि एवढ्या मोठ्यानं बोलली की दारावरचा जवानही वळून बघू लागला.

"मामाआजोबा, मला तुमची खूप आठवण येईल. मी दर रविवारी बाबांच्या मोबाइलवर फोन करीन. तोंड दिसेल असा."

मामांचे डोळे भरून आले. त्यांनी डोळे बारीक केले, हनुवटी पुढे काढली.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितलं. वेगळ्या शब्दांत नाही, तेच, तसंच. घोकल्यासारखं. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खूप वेळ काढला नाही. मग ती आत गेली.

परतीच्या टॅक्सीत वृंदा पुढे बसली होती. मागे मी आणि मामा. मामा खिडकीबाहेर बघत होते. उल्टाडांगा आलं, सिग्नलला गाडी थांबली. मग मामा माझ्याकडे वळले.

"जावईबापू, ती जाताना काय म्हणाली?"

मी सांगितलं.

"पुन्हा सांगा," मामा म्हणाले.

त्यांना पहिल्या वेळीच सगळं कळलं होतं, विमानतळाच्या दारातच, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांचे भरलेले डोळे मी पाहिले होते. मी त्यांच्याकडे नीट तोंड केलं, ड्रायव्हरला रेडिओ बंद करायला सांगितलं, आणि मोठ्यानं, सावकाश, पुन्हा सांगितलं.